चिंताकीची तीन कोकरं

१

शुक्रवारी सकाळी नेत्रावतीनं चिंताकी गावातल्या माहेरच्या घरातली लोखंडी ट्रंक उघडली, वरची घोंगडी बाजूला केली, वह्या एकेक करून फरशीवर मांडल्या आणि मोजल्या. दहा भरल्या. पुन्हा मोजल्या, तरी दहाच. बुधवारी संध्याकाळी तिनं स्वतः मोजल्या तेव्हा अकरा होत्या.

पोलिसांना काय सांगायचं? शाळकरी पोरीची जुनी वही चोरीला गेली म्हणून? हवालदारानं आधी तिला पाणी पाजलं असतं आणि मग घरच्यांना बाजूला घेऊन तब्येतीची चौकशी केली असती. म्हणून तिनं बीदरला, मैलूरात, राघोबांना फोन लावला.

राघोबा म्हणजे जनावरांच्या दवाखान्यातले निवृत्त कंपाउंडर. औराद तालुक्यात पस्तीस वर्षं सायकलवरून हिंडलेले. त्यांची ख्याती अशी, की शेण बघून म्हशीचा आजार तर सांगायचेच, पण मालकाच्या घरात सासू-सुनेचं पटतंय का नाही तेही सांगायचे. कारण भांडणाच्या घरात वैरण एक तर दोनदा पडते, नाहीतर पडतच नाही. हरवलेले बैल, बदललेली वासरं, कुलूपबंद गोठ्यातून नाहीसं झालेलं दूध, अशी चाळीसेक प्रकरणं त्यांनी सोडवली होती. ते स्वतः चारशे सांगत.

"अण्णा, वही गेली," नेत्रावती म्हणाली.

"कंची वही?"

"माझी. मेंढरांची."

बंगळूरात इंग्रजीतून व्याख्यानं झाडणारी ही बाई राघोबांशी बोलायला लागली की आपसूक औरादची व्हायची. "सोमवारपतोर सापडली न्हाई तर माझी पस्तीस वर्षं पाण्यात," एवढं बोलून तिनं फोन ठेवला. राघोबा उठले. निवडायला घेतलेली तुरीची डाळ सुनेकडं सरकवली आणि औरादची बस धरली.

बसमध्ये त्यांना तो दुष्काळाचा उन्हाळा आठवत राहिला. तेव्हा त्यांना नोकरी लागून सहा महिने झाले होते. नेत्रावतीच्या बापाकडं, मायाप्पांकडं, चाळीस-बेचाळीस मेंढ्या होत्या, सगळ्या गाभण, आणि शिवारात गवत म्हणावं तर नाव घेण्यापुरतं. मायाप्पांनी कळप तोडला. निम्म्या मेंढ्या भीमेकाठी अफजलपूरला धाडल्या, तिथं उसाचे वाढे खायला मिळायचे. निम्म्या चिंताकीतच बाभळीच्या शेंगांवर राहिल्या. विण्याच्या वक्ताला मात्र सगळ्या एका वाडग्यात, काटेरी कुंपणाच्या आत, आणल्या.

आणि एके दिवशी आठवीतली नेत्रावती दवाखान्याच्या पायरीवर. "अण्णा, तुमचा तानकाटा द्या. कोकरं तोलायची हैत."

"कामून? इकायची हैत का?"

"न्हाई. कोण कशानं फुगतंय ते बघायचंय."

सरकारी ताणकाटा बाहेर द्यायचा अधिकार राघोबांना नव्हता. त्यांनी दिला. पुढं एकदा मेलेल्या मेंढीचं काळीज कापून तिच्यापुढं धरलं. "हे बघ, तुझ्या पुस्तकातलं यकृत. हितं चरबी साठती." पोरीनं नाक मुरडलं नाही, बोट लावून बघितलं. राघोबा पुढं सगळीकडं सांगत, "त्या दिशी ती हातची गेली. मेंढरामागं जायची पोर, मेंढराच्या आत शिरली."

२

चिंताकीच्या घरात शिरताना दारातच बाणूबाई बसल्या होत्या. नेत्रावतीची आई, ऐंशी पार. सगळं घर त्यांना अव्वा म्हणतं. दुमडलेल्या घोंगडीवर मांडी घालून बसलेल्या, पाठ भिंतीला.

"कंपाउंडर आलाव व्हय. बसा."

एरवी या बाई राघोबा आले की गुडघ्यावर हात देऊन उठायच्या, पदर सारखा करायच्या, मग चहा, मग शेंगा, मग 'जेवूनच जावा'. आज जागच्या हलल्या नाहीत.

सून रेणू चहा घेऊन आली. "मनावर घेऊ नका अण्णा. कालपासनं अव्वा जागची उठंना. जेवण बी तिथंच, झोप बी तिथंच. म्या म्हनलं दवाखान्यात जाऊ, तर माझ्यावरच वसकन आल्या."

"माझं मला बसू दे," अव्वा म्हणाल्या.

नेत्रावतीनं राघोबांना ओसरीवर बसवून सगळं सांगितलं. राघोबांना तिची विद्या कळायची ती तिच्याच शब्दांत: "प्रत्येक पेशीत हजारो चुली हैत अण्णा. सगळ्या एकदम पेटवत न्हाईत. कंची पेटवायची, कंची विझवायची, हे ठरवणारे हात असत्यात. आई उपाशी असली तर पोटातल्या पिल्लाला खबर जाती. बाहेर दुष्काळ हाय, साठवायची चूल पेटती ठेव. मग बाहेर सुकाळ आला तरी ती चूल विझत न्हाई. थोडं खाल्लं तरी अंगावर चरबी चढती."

हे तिला पहिल्यांदा दिसलं ते त्या उन्हाळ्यातल्या अडतीस कोकरांत. चिंताकीत उपाशी राहिलेल्या मेंढ्यांची कोकरं पुढं पाऊसकाळ झाल्यावर वाऱ्यावर फुगली. अफजलपूरहून आलेल्या मेंढ्यांची त्याच गवतावर बेतात राहिली. दोन वर्षं तिनं तोलून तोलून लिहिलं. ती वही शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात गेली, प्रदर्शनातून पोरगी बीदरच्या कॉलेजात, तिथून कलबुर्गी, मग हैदराबादला पीएचडी. अकरा वर्षं परदेशात उंदरांच्या यकृतातल्या चुली मोजल्या, मग बंगळूरात स्वतःची प्रयोगशाळा. आणि तिच्या पहिल्या छापील लेखातला पहिला तक्ता होता चिंताकीच्या मेंढरांचा.

"पण तीन कोकरं आडवी आली," ती म्हणाली. "अफजलपूरच्या पोटभर खाल्लेल्या मेंढ्यांची तीन कोकरं उपाशांसारखी फुगली. मला कारण कधी सापडलं न्हाई. लपवलं बी न्हाई, तक्त्यात तशीच ठेवली. आता परदेशातल्या एका तरण्या बाईनं नियतकालिकाला लिहिलंय की ही नोंद विश्वासाची न्हाई. सोमवारपतोर मूळ वहीच्या पानांचे फोटो पाठवा, न्हाईतर लेखावर शंकेचा शिक्का."

"तीन कोकरांपायी?"

"पायाच्या दगडात चीर असली तर वरचा मजला कोण बघतंय, अण्णा."

तेवढ्यात नेत्रावतीचा धाकटा भाऊ सुनीलकुमार शेतावरून आला. मायाप्पा गेल्यावर कळप विकून तूर-उडीद करणारा, थट्टेखोर. "अण्णा, चोर मग धरा. आधी ती शिंपी कोल्ह्याची गोष्ट सांगा. रेणूनं ऐकली न्हाई."

राघोबांना गोष्ट सांगायला दोनदा म्हणावं लागत नाही. त्याच दुष्काळात, ते म्हणाले, या गावात एक कोल्हा होता, कोल्हा कसला, शिंपीच. त्या पंधरवड्यात तीनदा त्यांना मेंढी मेली म्हणून बोलावणं आलं, आणि तिन्ही वेळा ओढ्याच्या खड्ड्यात मेंढीशेजारी एक कोकरू पडलेलं, अंगावर कातडं नसलेलं. "मांसाला दात न्हाई. नुसतं कातडं उतरवलेलं, सदरा काढल्यागत. कोल्ह्याच्या घरी लगीन असणार, आहेराचे कपडे शिवायला घेतले असणार."

रेणू पदर तोंडाला लावून हसली. सुनीलकुमार दर वेळी हसतो तिथंच हसला.

अव्वा हसल्या नाहीत. त्यांनी मान वळवली आणि भिंतीकडं बघत राहिल्या.

३

राघोबांची तपासाची पद्धत साधी. सगळ्यांना एकच प्रश्न विचारायचा आणि उत्तरातला फरक ऐकायचा. ट्रंकेला कुलूप नव्हतं, घरात परकं कुणी शिरल्याची खूण नव्हती. बुधवार संध्याकाळ ते शुक्रवार सकाळ एवढ्यात घरात नेत्रावतीखेरीज होती ही तीन माणसं, आणि बुधवारी तासभर येऊन गेलेला एक पाहुणा.

"कंची वही गेली?" त्यांनी सुनीलकुमारला विचारलं.

"कंची म्हंजे? जिच्यावर 'मेंढरांची नोंद' लिव्हलंय ती. मला कशाला पाहिजे? अक्काचा राग माझ्यावर हाय, कळप विकला म्हणून. पण वही नेऊन मी काय चारणार, कुणाला?"

रेणूला विचारलं. "ती लाल शाईनं 'मेंढरांची नोंद' लिव्हलेली. म्या ट्रंक पुसताना बघितली व्हती. आणि अण्णा, माझ्यावर संशय असंल तर सरळ म्हणा, चहात साखर घालून इचारू नका."

"साखर तूच घातलीस, बाई."

मग राघोबा दारात उकिडवे बसले. "अव्वा, कंची वही गेली ओ?"

"ती कानं काढलेली," अव्वा म्हणाल्या. "पोरीनं मेंढरांची कानं काढली व्हती तिच्यात. आता गेली तर जाऊ दे की. लई जुनी झाली व्हती."

दुपारी पाहुणा स्वतःच मोटार घेऊन हजर झाला. प्राध्यापक शिवशंकर, नेत्रावतीचा पहिला विद्यार्थी, आता कलबुर्गीत. गुरूचं म्हणणं, चुलींच्या खुणा पोटात पडतात; चेल्याचं म्हणणं, जन्मल्यावर, आईच्या दुधावर. गेली सहा वर्षं दोघं एकमेकांविरुद्ध छापत होती आणि दिवाळीला एकमेकांना फराळ धाडत होती.

"बुधवारी तुम्ही ट्रंकेच्या खोलीत गेला होता म्हणं," राघोबांनी विचारलं.

"मॅडमनीच नेलं. 'मेंढरांची नोंद' असं लेबल असलेली वही वरच होती, मी कव्हरचा फोटोही काढला. हा बघा. उघडली नाही, म्हटलं, पानं सोमवारी सगळ्यांबरोबरच बघू." शिवशंकर ओसरीवर टेकला. "तुम्हाला वाटतंय की मॅडमची नोंद बुडाली तर माझं तरतं. तसं नाही अण्णा. ती तीन कोकरं माझ्याही बाजूनं बोलत नाहीत. पोटात असताना आई पोटभर, दूध पाजणारी आईही पोटभर, तरी फुगली. मला ती वही मॅडमपेक्षा जास्त पाहिजे. बुधवारी इथंच बसून मी त्यांना म्हणालो, त्या तीन ओळी खोट्या निघाल्या तर आपण दोघंही गेलो."

"हितं बसून? मोठ्यानं?"

"मोठ्यानंच. मॅडमशी हळू बोलून कधी काही मिळत नाही."

राघोबांनी तिथून मान वळवून दाराकडं बघितलं. ओसरी आणि अव्वांची घोंगडी यांत फार तर चार हातांचं अंतर होतं.

४

"ती ट्रंक मला दाखव," राघोबा म्हणाले.

ट्रंक उघडली. वरच्याच थरात, पिवळ्या पडलेल्या वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली, लाल शाईत मोठ्या अक्षरांत 'मेंढरांची नोंद' लिहिलेली वही होती.

राघोबांनी ती उचलली. "अगं, ही तर हितंच हाय. मग गेली काय?"

नेत्रावती थकून हसली. "ही पक्की वही, अण्णा. प्रदर्शनासाठी उतरवायला घेतली आणि दहाव्या पानावर कंटाळा आला. खरी नोंद दुसरीत व्हती. तुम्हाला ठाऊक हाय, अप्पा नवी वही कधी आणून देईत? मागच्या वर्षीच्या वहीतली कोरी पानं संपल्यावर. कन्नडच्या सातवीच्या वहीत मागं निम्मी पानं कोरी व्हती. तिच्यात मी कोकरं लिहिली. कव्हरवर 'कन्नड, इयत्ता सातवी' एवढंच. आत पहिली चाळीस पानं कविता न व्याकरण."

"हे कुणाला ठाऊक?"

"कुणालाच न्हाई. शिवशंकरला बी न्हाई. विचारलं कुणी? सगळे मेंढरांची वही म्हणत्यात, मी बी म्हणते."

राघोबा ट्रंकेच्या कडेवर बसले. मग त्यांनी एक प्रश्न विचारला. "त्या खऱ्या वहीत कानं काढली व्हती का गं?"

"व्हय. प्रत्येक मेंढीच्या कानाला अप्पांनी घातलेल्या खाचा, आणि शेजारी तिची लोकर चिकटवलेली. हीत न्हाईत, खरीत हैत. पण तुम्हाला कुणी सांगितलं?"

राघोबा उठले. "चल भाईर. आणि त्या प्राध्यापकालाबी बोलव. त्याला ऐकू दे."

५

दारात अव्वा तशाच बसल्या होत्या. राघोबा त्यांच्यासमोर मांडी घालून बसले, बाकीचे उभे.

"ही वही कुण्या वाचता येणाऱ्यानं नेली न्हाई," राघोबा म्हणाले. "वाचता येणाऱ्यानं वरचं नाव बघून लाल अक्षराची नेली असती. सुनीलला, रेणूला, प्राध्यापकाला तीच गेली असं वाटतंय. नेणाऱ्यानं नाव बघितलंच न्हाई. पानं चाळली, कानं बघितली, लोकर बघितली, आणि नेमकी खरी उचलली. पुस्तकातली अक्षरं ज्याला येत न्हाईत पण मेंढराच्या कानावरची येत्यात, त्यानं." त्यांनी आवाज खाली आणला. "वही गेल्याचं आज सकाळी कळलं. तुम्ही कालपासनं उठना झालाव. अव्वा, घोंगडीखाली टोचत न्हाई का?"

रेणूचा हात तोंडावर गेला. सुनीलकुमार काही बोलणार तोच नेत्रावतीनं त्याला हातानं थांबवलं.

अव्वांनी एका बाजूला कलून घोंगडीची घडी उचलली. कन्नड, इयत्ता सातवी.

"जाळाया घेतली व्हती," त्या म्हणाल्या. "चुलीपतोर नेली. लोकर दिसली. लोकर चुलीत घालवंना."

"अव्वा, कामून?" नेत्रावती खाली बसली. "माझी वही तू कामून जाळावी?"

अव्वांनी राघोबांकडं बघितलं. म्हणून राघोबाच बोलले, आणि बोलताना त्यांचा चेहरा पडला होता, कारण तीस-चाळीस वर्षं सगळ्यांना हसवणारी गोष्ट त्यांना स्वतःच्या हातानं मोडायची होती.

"कोल्हा नव्हता," ते म्हणाले. "कोल्हा पोट फाडंल, कातडं उतरवून नेणार न्हाई. मी तेव्हा नवा व्हतो. पुढं अफजलपूरकडं एका धनगराच्या वाडग्यात बघितलं, पण हितलं न तिथलं कधी जोडलंच न्हाई. मेंढीचं कोकरू मेलं, आणि दुसरी मेंढी कोकरू टाकून मेली, तर काय करत्यात? मेलेल्या कोकराचं कातडं पोरक्याच्या अंगावर चढवत्यात. मेंढी वास घेती, आपलंच समजती, पाजती."

"तीन येळा," अव्वा म्हणाल्या. आता त्यांना थांबवलं असतं तरी त्या थांबल्या नसत्या. "चिंताकीच्या तीन मेंढ्या विता विता गेल्या. पोटात काय नव्हतंच त्यांच्या. कोकरं जिती. अफजलपूरच्या तिघींची मेली, वाटेनं चालून आलत्या. म्या रातीला कातडी उतरवली, चढवली, तू तोलायला यायच्या आत काढूनबी टाकली. तुझ्या बापालाबी सांगितलं न्हाई. आमच्या घराण्यात चालच हाय, पांघरलेल्या कोकराचं कुणाला बोलायचं न्हाई. बोललं की मेंढीला कळतंय, मग ती लाथ घालती. आणि तू तर रोज दिवेलागणीला वाडग्यात बसून वही मोठ्यानं वाचायचीस."

"कोकरं मोठी झाल्यावर तरी सांगायचंस."

"तवर तू त्या वहीवर बक्षीस घेऊन आलीस. मग बीदर. मग हैद्राबाद. दर पायरीला वाटायचं, सांगावं. दर पायरीला वाटायचं, तीन ओळी म्या खोट्या केल्या म्हणून पोरीला खाली उतरवतील. परवा हा मास्तर म्हणला, त्या ओळी खोट्या निघाल्या तर दोघंबी गेलो. मग म्हनलं वहीच नको. माझं काय वय ऱ्हायलंय? पण तुझं नाव…" त्यांनी पदर डोळ्याला लावला. "तुला उपाशी ठेवून शिकीवलं न्हाई बाई म्या. खोट्यावर शिकीवलं."

नेत्रावती वही उघडून पानं उलटत होती. मेलेल्या मेंढ्यांचं पान वेगळं होतं, कोकरांचं वेगळं. दोन्ही तिनं कधी शेजारी ठेवून वाचली नव्हती. तिनं एका पानावर बोट ठेवलं, मागं गेली, दुसरं बोट ठेवलं. तारखा तिन्ही ठिकाणी जुळत होत्या.

ती हसतेय का रडतेय हे रेणूला कळेना.

"शिवशंकर," ती म्हणाली, "उपाशी पोटात वाढलेली, आणि पोटभर खाल्लेल्या आईचं दूध प्यालेली. तीन."

शिवशंकर खांबाला टेकला होता. सहा वर्षांचं म्हणणं त्याच्या डोळ्यांपुढून निघून चाललं होतं. "आणि तरी फुगली," तो म्हणाला. "मॅडम, हा प्रयोग मी कलबुर्गीत तीन वर्षं करायलोय. एकीचं पिल्लू दुसरीला लावायचं. मेंढ्या परकं लावूनच घेत नाहीत, लाथा घालतात. आणि अव्वांनी दुष्काळात…" त्यानं खाली वाकून अव्वांच्या पायाला हात लावला.

"ह्याला काय झालं?" अव्वांनी घाबरून राघोबांना विचारलं.

"हरला," राघोबा म्हणाले. "शिकलेली माणसं हरली की अशी करत्यात."

"तिघांवरनं काही सिद्ध होत नाही," नेत्रावती पुस्तकी मराठीत म्हणाली, मग स्वतःच भानावर येऊन आईजवळ सरकली. "पण पत्राचं उत्तर हाय हे. अव्वा, ऐक. त्या तीन ओळी खोट्या नव्हत्या. कोण कुणाचं कोकरू एवढंच चुकलं व्हतं. ती तीन कोकरं माझ्या बाजूची हैत. पयल्यापासनं व्हती. मी मरेपतोर त्यांना खोडत बसले असते."

"म्हंजे तुला उतरवत न्हाईत?"

"न्हाई. पण तुझं नाव टाकावं लागंल. हे बघितलेली तू एकटीच हायस."

अव्वांनी पुढं वाकून वहीतली लोकर बोटानं सारखी केली. सुनीलकुमारनं पाण्याचा तांब्या आणून त्यांच्यापुढं ठेवला आणि, कधी नव्हे तो, काही थट्टा न करता बाजूला झाला.

६

सोमवारचं उत्तर त्याच दारात बसून लिहिलं गेलं. नेत्रावतीनं मांडीवर संगणक घेतला, शिवशंकरनं वहीच्या पानांचे फोटो काढले, राघोबांनी ओढ्याच्या खड्ड्यात काय बघितलं ते पाच ओळींत सांगितलं आणि पहिल्यांदाच आयुष्यात त्यात काही वाढवलं नाही. त्रास झाला, पण वाढवलं नाही.

"आता मेलेल्या मेंढ्यांची नावं सांग," नेत्रावती म्हणाली. "कुठलं कोकरू कुणाचं, ते लिहायचंय."

पहिली दोन नावं अव्वांनी लगेच सांगितली. चवळी. मग बांडी. तिसरीला थांबल्या. डोळे मिटले. रेणूनं आत कुकर बंद केला.

"जिरी," अव्वा म्हणाल्या. "बारीक व्हती. तिचं कोकरू म्या काढून घ्यायला गेले तर सोडंना. जीव जायलाय, मान उचलंना, आणि चाटायलती. म्या हळूच ओढून घेतलं."

नेत्रावतीची बोटं थांबली. "हे लिहू?"

"लिव्ह की. तिचंच हाय ते."

परदेशातल्या त्या तरण्या बाईला गेलेल्या पत्रात तक्ता आहे, तारखा आहेत, साक्षीदार म्हणून बाणूबाई मायाप्पा यांचं नाव आणि अंगठा आहे. आणि तिसऱ्या कोकराच्या ओळीखाली, जिथं खरं तर फक्त वजन लिहायचं असतं, तिथं इंग्रजीत एक वाक्य आहे, की याची आई जिरी शेवटपर्यंत याला चाटत होती. शिवशंकर म्हणाला, मॅडम, हे काढून टाकू, हा पुरावा नाही. नेत्रावतीनं ते काढलं नाही.